जुनी सायकल आणि लातूरचा चढ

नांदेड गोदावरीकाठी, तर लातूर बालाघाटच्या पठारावर. जुनी गिअरची सायकल घेऊन तिकडे निघणाऱ्याने आधी दाते मोजावेत. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा इंचांतील व्यास; हिशेब एवढाच. पुढे 52, मागे 14 आणि चाक 27 इंची असल्यास उत्तर येते सुमारे 100. सपाटीवर हा गिअर उत्तम, चढावर मात्र गुडघ्यांची परीक्षा. पुढे 42, मागे 28 घेतल्यास आकडा 40 च्या आसपास उतरतो. साठीनंतर हेच हितावह. मात्र फ्रीव्हील आणण्यापूर्वी मागच्या चिमट्यातील अंतर मोजावे : पाच चकत्यांसाठी बहुधा 120 मिलिमीटर, सहांसाठी 126. साखळी सरकवणारा जुना डिरेलर 28 दात्यांपर्यंत पोचतो का, हेही पाहावे. साखळी बहुधा लांब लागते.