त्रेपन्न दात्यांचा तोरा



मुक्काम वाराणसी छावणी. गेल्या रविवारी मेसमध्ये वाद झाला तो ना राजकारणावर, ना क्रिकेटवर, सायकलच्या दात्यांवर. आमचा एक तरुण कॅप्टन रोड बाईक घेतोय. मित्रांनी आणि मोबाईलने मिळून त्याला पटवलंय की पुढे ५३/३९ च्याच चेनरिंग हव्यात. "सर, बनारसमध्ये चढ आहे कुठे? कॉम्पॅक्ट म्हणजे पेन्शनरांची सायकल!" टेबल हसलं. मला हसू आलं नाही. हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी एका माणसाला ऐकवलं होतं. ते शेवटी सांगतो, आधी हिशेब.

पेडलजवळच्या दोन दातेरी चकत्या म्हणजे चेनरिंग. ५३ आणि ३९ दात्यांची जोडी 'स्टँडर्ड', ५० आणि ३४ ची 'कॉम्पॅक्ट', ५२/३६ या दोघींच्या मधली. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर (साधारण २.१ मीटर), की पेडलच्या एका फेरीत सायकल किती जाते ते कळतं.

पुढे ५३, मागे ११: एका फेरीत दहा मीटर. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ५५ किमी. पुढे ५० असेल तर ५२ किमी. म्हणजे ज्या तीन दात्यांचा एवढा तोरा, त्यांची खरी गरज ताशी ५२ च्या पुढे लागते. लंका ते कचहरी, ई-रिक्षा आणि नंदीमहाराज चुकवत, हा वेग कोण मारणार आहे? आपल्या फौजेचेच डॉक्टर, नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. हे करणारे ते पहिले भारतीय. सुमारे ४९०० किमी, ११ दिवस १८ तास. थांबे आणि झोप धरून सरासरी निघते ताशी १७ च्या आसपास. आणि आमची चर्चा पंचावन्नची!

आता 'बनारस सपाट आहे' हा मुद्दा. नकाशावर आहेच. मे महिन्यात मुगलसरायहून उशिरा परत निघा, मालवीय पुलावर पश्चिमेची लू तोंडावर घ्या, मग सपाट काय ते बोलू. घाटाला माथा तरी असतो. त्याच पुलावर मी एकदा ५३/१९ रेटत होतो, मिनिटाला जेमतेम पन्नास फेऱ्या. लहान चेनरिंगवर उतरणं कमीपणाचं वाटत होतं. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला एक दूधवाला शांतपणे पुढे निघून गेला. पुढे चहाच्या टपरीवर त्याच्या काळ्या सायकलचे दाते मोजले: पुढे ४४, मागे १८. एका फेरीत साडेपाच मीटरच्या आसपास, माझ्यापेक्षा हलका गिअर. सपाट रस्त्याला अवजड गिअर लागतो हा गैरसमज त्या भल्या माणसाने एका मिनिटात उतरवला.

गंमत बघा. हाच साडेपाच मीटरचा गिअर ५० च्या चेनरिंगवर मागच्या १९ दात्यांवर मिळतो. आपल्यासारखे लोक ताशी २५ ते ३३ मध्ये चालवतात. ९० फेऱ्यांच्या लयीत तो सगळा पट्टा २३ ते १७ या दात्यांत बसतो. कॅसेटचा मधला भाग, चेन जवळपास सरळ. म्हणजे कॉम्पॅक्ट सपाटीवरही कमी पडत नाही.

विरोधकांचं एक म्हणणं खरं आहे. ५० वरून ३४ वर उतरताना सोळा दात्यांची उडी असते, पाय क्षणभर पोकळीत फिरतात. मागे दोन गिअर वर चढवा, प्रश्न मिटतो. आणि ज्याला खरोखर शर्यतीत स्प्रिंट मारायची आहे त्याने मोठी चेनरिंग जरूर घ्यावी. पण शिमानोने २०२१ मध्ये ड्युरा-एसची बारा गिअरची आवृत्ती काढली, त्यात ५४/४०, ५२/३६ आणि ५०/३४ ठेवल्या, ५३/३९ वगळली. कंपनीने सोडली, आपण धरून बसलोय.

शिवाय फौजी सायकल एका गावची नसते. आज काशी, उद्या बेळगाव, परवा लेह. लांब कशाला, इथूनच चकियामार्गे राजदरीच्या धबधब्याकडे निघा. विंध्याचा चढ लागला की ३९ म्हणजे काय ते मांड्या सांगतात.

आता ते राहिलेलं. माझ्या जुन्या पलटणीतले एक सुभेदार साहेब, निवृत्त होऊन साताऱ्यात स्थायिक. फोनवर विचारलं, "सर, कुठली घेऊ?" मी ऐटीत सांगितलं, "साहेब, तुम्ही कमांडो कोर्स केलेला माणूस, ५३/३९ घ्या. मागे ११-२५." त्यांनी हुकूम मानला. रोज यवतेश्वरचा घाट. ताशी आठच्या वेगाने ३९/२५ वर मिनिटाला चाळीस फेऱ्या होतात. तोच वेग, तोच घाट ३४/३२ वर केला असता तर साठ झाल्या असत्या आणि प्रत्येक दाबाचा भार एक तृतीयांश कमी. तीस वर्षं पिट्टू वाहिलेले गुडघे. एका पावसाळ्यात बोलले. सायकल आता भिंतीला टांगलेली आहे. मी सुट्टीत गेलो तेव्हा साहेबांनी चहा दिला, सायकलचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. चूक माझी होती, किंमत त्यांनी मोजली.

म्हणून माजी सैनिक बांधवांना हात जोडून सांगतो: ५०/३४ घ्या, मागे ११-३२. दुकानात दोन गोष्टी तपासा. जुन्या १३० मिमीच्या पाच बोल्टच्या क्रँकवर ३४ ची चेनरिंग बसत नाही, ३८ च्या खाली जाता येत नाही. पूर्ण क्रँक बदलावा लागतो. आणि मागच्या डिरेल्यूरची क्षमता किमान ३७ दाते हवी: पुढचा फरक सोळा, मागचा एकवीस.

कॅप्टनला मी माझीच सायकल आठवडाभर दिली आहे. येताना मुगलसरायहून, दुपारी अकरानंतर, असा हुकूम आहे.

जय हिंद.