गाडी तापली तर माणसाने तापू नये

दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपल्याकडे म्हणतात. जुन्या ट्रकच्या एका दुखण्याची गोष्ट मात्र उलटी आहे. ते मुंगीच्या पावलाने येते, आठवडेच्या आठवडे दाराशी घुटमळते आणि कोणी लक्ष दिले नाही की हत्तीसारखे सारे तुडवून जाते. या दुखण्याला मिस्त्री लोक ‘हेड गॅसकेट जाणे’ म्हणतात.

शेती व आरोग्याच्या पानावर ट्रकचे काय काम, असे कोणी विचारील. बेळगाव-खानापूरकडच्या वाचकांना तरी हा प्रश्न पडू नये. आपल्या मळ्यातला कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची गोव्याच्या बाजारात जाते ती घाट उतरून, आणि पुष्कळदा पंधरा-वीस वर्षे राबलेल्या ट्रकमधून. तो ट्रक म्हणजे घरातला बैलच. बैल खात नाहीसा झाला तर आपण त्याच दिवशी चौकशी करतो. ट्रक पाणी प्यायला लागला तर मात्र आपण त्याला आणखी पाणी पाजतो आणि गप्प बसतो.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे असेच झाले. त्यांचा ट्रक भाजी उतरवून, परतीचे भाडे म्हणून नारळ भरून गोव्याहून येत होता. चोर्ला घाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन मालकाला फोन केला. पलीकडून उत्तर आले, “अरे, पाणी ओत आणि ये. पहाटे पुन्हा भाजी भरायची आहे.” पोराने हुकूम पाळला. फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवले आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या हातावर, मानेवर आला. त्याला दोन महिने कामावर येता आले नाही. गाडीचे हेड तडकले, ते वेगळेच. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले की तीन आठवडे क्लीनर रोज सकाळी दोन बाटल्या पाणी घालत होता. ते पाणी जाते कुठे, हे कोणी विचारलेच नव्हते.

त्या घरात कोणी दुष्ट नाही. घाई होती, बँकेचा हप्ता होता, एवढेच. परंतु आमचे मत आम्ही स्पष्टच सांगतो. गॅसकेट कोणाचीही जाऊ शकते, त्यात दोष नाही. ती गेल्याच्या खुणा दिसत असताना गाडी हाकायला लावणे हा दोष आहे आणि तो मालकाचा आहे. मिस्त्रीचा नव्हे आणि ड्रायव्हरचा तर मुळीच नव्हे.

हे प्रकरण काय आहे ते आधी समजून घेऊ. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. त्यावर झाकणासारखे बसते ते हेड. या दोहोंमध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे गॅसकेट. तिला एकाच वेळी तीन भांडणे मिटवायची असतात. सिलिंडरमधला जळता वायू, थंडाव्याचे पाणी आणि वंगणाचे तेल हे तिघे शेजारी शेजारी वाहतात, पण त्यांनी एकमेकांत मिसळता कामा नये. डिझेल इंजिनात धमाक्याच्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट, पन्नास-साठ पटींच्याही वर जातो. एवढा दाब गॅसकेट वर्षानुवर्षे झेलते. इंजिन प्रमाणाबाहेर तापले की हेड किंचित वाकते, बोल्टची पकड सैलावते आणि त्या फटीतून एक शेजारी दुसऱ्याच्या घरात शिरतो.

खुणा कोणत्या? पहिली, पाणी कमी होते पण जमिनीवर थेंब दिसत नाही. दुसरी, सकाळी थंड इंजिन चालू केल्याबरोबर रेडिएटरचा वरचा रबरी पाइप दगडासारखा कडक होतो. पाणी तापायच्या आत दाब आला, तर तो वायूचाच. तिसरी, थंड असतानाच झाकण काढून इंजिन चालू केले की पाण्यात बुडबुडे येत राहतात. चौथी, तेलाची काठी काढली की तेल दुधाच्या चहासारखे दिसते किंवा त्याची पातळी आपोआप वाढलेली असते. पाचवी, इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहते. सहावी, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर तेलाचा किंवा गंजाचा ओघळ दिसतो.

मात्र एका खुणेवर निकाल देऊ नये. डॉक्टर नुसता ताप पाहून विषमज्वर म्हणत नाही, तसेच हे आहे. थंडीच्या सकाळी डिझेल नीट न जळल्यानेही पांढरा धूर येतो, पण तो डोळ्यांना झोंबतो. पावसाळ्यात गाडी थोडीथोडीच चालली तर तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. ती नुसती ओल असू शकते, काठीवरचे तेल स्वच्छ असेल तर घाबरू नये. ज्या इंजिनांचे लायनर पाण्यात बसतात, त्यांत लायनरच्या खालच्या रबरी कड्या गेल्या तरी चेंबरात पाणी उतरते. ऑइल कूलर फुटला तरी तेल-पाण्याची भेट होते. एअर ब्रेकच्या काही गाड्यांत हवेचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पाण्याने थंड होतो. त्याची छोटी गॅसकेट गेली तरी रेडिएटरात बुडबुडे येतात आणि बिचाऱ्या मोठ्या हेडवर आळ येतो. म्हणून हेड उघडण्याआधी मिस्त्रीला कॉम्प्रेसर तपासायला सांगावे, रेडिएटरला हवेचा दाब देऊन पाहावे आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधली गॅसकेट जळाल्याची शंका बळावते. रेडिएटरच्या तोंडाशी धरून धुराचा वायू ओळखणारे, रंग बदलणारे औषधही मिळते.

वाटेत गाडी तापली तर काय करावे? गाडी बाजूला घ्यावी, चाकांना दगड लावावेत, इंजिन बंद करावे आणि बसून राहावे. किमान अर्धा-पाऊण तास, आणि त्यानंतरही वरचा पाइप हाताला कोमट लागेपर्यंत. रेडिएटर हा एक प्रेशर कुकरच आहे. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि त्या पाण्याची एकदम वाफ होते. कुकरची शिटी पडल्याशिवाय झाकण न उघडणारी आपली माणसे रेडिएटरशी मात्र धसमुसळेपणा करतात. तसेच ओढ्याचे गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतू नये. जुन्या ट्रकची हेडे बहुधा बिडाची असतात आणि बीड अशा धक्क्याने तडकते. दोन-अडीच हजारांची गॅसकेट वाचवायला जाऊन आपण हेडच घालवतो.

आणि चुकून कोणी भाजलेच तर? भाजलेल्या जागेवर लगेच साधे, वाहते पाणी सतत वीस मिनिटे धरावे. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको, शाई तर नकोच. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने सैलसर झाकावे. चेहरा, डोळे किंवा हाताचे पंजे भाजले असतील किंवा भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल, तर थेट दवाखाना गाठावा. आणखी एक गोष्ट. बाजारच्या बहुतेक हिरव्या-लाल कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात विष असते. काढलेले कूलंट उघड्या बादलीत किंवा गोठ्याजवळ ठेवू नये, मुलांच्या हाती लागेल अशा बाटलीत भरू नये आणि ओढ्यात सोडू नये.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एकदम अडून बसली, स्टार्टर ‘ठक्’ करून थांबला, तर पुन्हा पुन्हा चावी मारू नका, धक्का देऊन चालू करू नका. सिलिंडरात पाणी साठले असण्याचा संभव असतो. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून इंजिन हळू फिरवावे म्हणजे पाणी बाहेर पडेल. त्या वेळी तोंड जवळ नेऊ नये.

आता दुरुस्तीविषयी. बाटलीतले ‘लीक बंद’ औषध ओतून महिना ढकलणारे पुष्कळ आहेत. ते औषध गॅसकेटच्या फटीपेक्षा रेडिएटरच्या बारीक नळ्याच आधी बुजवते, असा आमचा अनुभव आहे. काम करायचे तर पुरते करावे. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हेडचे बोल्ट सोडावेत, कडेकडून मध्याकडे. हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून फिलर गेजने वाक पाहावा. कंपनीच्या पुस्तकात दिलेली मर्यादा बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते, डोळ्यांना ती दिसत नाही. वाक जास्त असेल तर हेड लेथवाल्याकडे नेऊन सरफेस करून आणावे आणि तडा तपासून घ्यावा. लायनर ब्लॉकच्या वर किती उठून आहेत तेही मोजावे. एखादा खाली बसला असेल तर नवी गॅसकेट महिनाभरात पुन्हा जाईल. बोल्टच्या भोकांत तेल-पाणी राहू देऊ नये. जुनी गॅसकेट पुन्हा कधीही बसवू नये. बोल्ट टॉर्क पान्यानेच, मध्यापासून बाहेर, तीन-चार फेऱ्यांत आवळावेत. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचा अनुभव मोठा असेल, पण पान्याचा आकडा त्याहून खरा असतो. पाणी शिरलेले तेल आणि फिल्टर बदलावेत आणि थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावेत.

एवढे करूनही मूळ कारण शोधले नाही तर सारे व्यर्थ आहे. गॅसकेट गेली म्हणून गाडी तापली की गाडी तापली म्हणून गॅसकेट गेली? रेडिएटर क्षाराने बुजला आहे का, पंख्याचा पट्टा सैल आहे का, पाण्याचा पंप झिजला आहे का, हे पाहावेच. आपल्याकडे ‘गाडी थंड राहते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट उघडीच राहते आणि काही गरम पाणी रेडिएटरात न जाताच परत इंजिनात फिरते. म्हणजे सपाटीवर गाडी गारठते आणि चढावर तापते. आणि बोअरचे जड पाणी रोज ओतण्यापेक्षा कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट घालावे. ते गंज रोखते आणि उकळण्याचा अंशही वाढवते.

आमच्या या सांगण्यावर एक शेतकरी बंधू म्हणाले, “हे सारे खरे, पण कोबी भरलेली गाडी घाटात उभी राहिली तर नुकसान कोण भरणार?” प्रश्न रास्त आहे. भाजी थांबत नाही आणि व्यापारी दुसऱ्या दिवशी निम्मा भाव करतो, हे आम्ही पाहिले आहे. पण याचे उत्तर ड्रायव्हरच्या अंगावर उकळते पाणी घेणे हे नव्हे. एका वाडीतल्या चार-पाच ट्रकवाल्यांनी आधीच ठरवून ठेवावे, की कोणाची गाडी अडली तर दुसऱ्याने जाऊन माल उचलावा, डिझेलचा खर्च घ्यावा, भाडे मागू नये. आज त्याची, उद्या आपली. पेरणीला बैल नसलेल्याला बैल देण्याची रीत आपल्या वाडवडिलांची होतीच, तीच ट्रकला लावायची.

आणि मालकांना एक विनंती. गाडीत एक वही ठेवा. रोज किती पाणी घातले, तेलाची पातळी काय, हे क्लीनरने लिहावे आणि तुम्ही आठवड्याला वाचावे. दोन दिवसांत लिटरभर पाणी गेले तर तिसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे न्यावी. आणि घाटातून ड्रायव्हरचा फोन आला, “गाडी तापली आहे, थांबलो आहे,” तर त्याला एवढेच सांगावे, “बरे केलेस. झाकणाला हात लावू नकोस. आम्ही येतो.” त्या कुटुंबाचा ड्रायव्हर आता बरा होऊन कामावर आला आहे. मानेवरचा डाग राहिला आहे. मालक त्याच्याशी बोलताना अजूनही खाली पाहून बोलतात.