सोन्याचा नांगर ओढला कोणी?

#थ्रेड

१/ डिसेंबर २०१० मधील एका रात्री पुण्याच्या लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलविण्यात आला. जिजाऊ, नांगर धरलेले बाल शिवराय आणि दादोजी असा तो शिल्पसमूह होता. तो वाद आजही अधूनमधून उकरून काढला जातो. माझा आक्षेप दोन्ही पक्षांवर आहे. शिल्प नांगराचे होते. भांडण मात्र नांगराशेजारी कोणी उभे राहावे याचे झाले.

२/ आधी प्रसंग पाहू. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. परंपरा सांगते की गावावर गाढवांचा नांगर फिरवला, पहार ठोकली आणि तिच्यावर फाटकी वहाण टांगली. याच सुमारास, १६३०-३२ मध्ये, दख्खनचा महादुष्काळ पडला. माणसे मेली, उरलेली परागंदा झाली, गुरे संपली.

३/ गाढवांचा नांगर ही केवळ पुण्याची गोष्ट नव्हे. कलिंगाच्या खारवेल राजाचा हाथीगुंफा येथील शिलालेख इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. त्यात पिथुंड नगर गाढवांच्या नांगराने नांगरल्याचा उल्लेख वाचला गेला आहे. शत्रूची वस्ती पुन्हा वसू नये, तिथे मंगल कार्य होऊ नये, असा तो जाहीर शाप. म्हणजे नांगर जसा पेरणीचे अवजार, तसा तो राजकीय भाषेतला एक शब्दही आहे.

४/ सोन्याचा नांगर हे त्याच भाषेतले उत्तर होय. शाप नांगराने दिला, तर उतारही नांगरानेच. ही कथा आपल्यापर्यंत मुख्यतः उत्तरकालीन कथनांतून आली आहे, हे ध्यानात ठेवावे. पण म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. भयभीत रयतेला ‘परत या’ हे सांगण्याची याहून प्रभावी रीत मला तरी सुचत नाही.

५/ मग भांडण कशाचे? दादोजी शिवरायांचे गुरू होते काय, याचे. माझे मत स्पष्ट सांगतो. गुरुपदाचा दावा उत्तरकालीन आहे आणि समकालीन पुराव्याच्या कसोटीवर तो दुबळा ठरतो. शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहणारे अधिकारी म्हणून दादोजी मात्र कागदांत भेटतात. हे दोन वेगळे प्रश्न होते. एका बाजूने कारभाऱ्याला गुरू केले. दुसऱ्या बाजूने गुरू नाकारताना कारभारीही पुसला. इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी गल्लत केली असती, तर त्याचे गुण कापले गेले असते.

६/ आणि या गदारोळात चौथी व्यक्ती कोणी मागितलीच नाही. नांगर हे एकट्याने चालवण्याचे अवजार नव्हे. बाभळीचे लाकूड तासणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार, नाडे-वाद्या देणारा चांभार यांच्यावाचून रुमण्याला हात लागत नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीतला मोठा नांगर ओढायला तर बैलांच्या तीन-तीन, चार-चार जोड्या लागत. एवढी जनावरे एका कुणब्याच्या दावणीला कोठली? म्हणून शेजाऱ्यांनी आपापले बैल एकत्र करायचे आणि पाळीपाळीने सर्वांची राने नांगरायची. सोन्याचा फाळ एक तास ओढून थांबला असेल. त्यानंतरचे हजारो तास या माणसांनी ओढले.

७/ ती माणसे पुन्हा गावात कशी आली? शुभ मुहूर्ताने पोट भरत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९४ च्या सुमारासची. शिवरायांच्या जमीनधोरणाविषयी ती सांगते: नव्या रयतेला गुरे द्यावीत, बियाण्याला आणि खायला दाणा-पैका द्यावा, आणि तो ऐवज दोन-चार वर्षांत ऐपत पाहून वसूल करावा. पिकाचे पाच भाग करून तीन रयतेला, दोन सरकारला.

८/ बखर नंतरची, असे कोणी म्हणेल. ठीक. मग ५ सप्टेंबर १६७६ चे पत्र घ्या. प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला ते लिहिले आहे. आशय असा: गावोगाव फीर, कुणबी गोळा कर. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे दे. पोटाला खंडी-दोन खंडी दाणे दे. त्याच्याने होईल तेवढे शेत त्याला करू दे. वसुली करताना व्याज लावू नकोस; मुद्दल तेवढे हळूहळू, त्याला शक्ती येईल तसे घे. यासाठी दोन लाख लारींपर्यंत खर्च झाला तरी चालेल.

(लारी म्हणजे कोकण किनाऱ्यावर चालणारे तारेसारखे चांदीचे नाणे.)

९/ हे पत्र पुन्हा वाचा. त्यात एकही अलंकार नाही. आहेत ते बैल, दाणे, मुद्दल आणि मुदत. पुण्यात नांगर धरलेल्या मुलाने प्रौढपणी राज्य कसे चालवले, याचा माझ्या दृष्टीने हा सर्वांत बोलका पुरावा आहे. आणि पुतळ्यावरून हमरीतुमरीवर आलेल्या किती जणांनी तो वाचला असेल, याची मला शंका आहे.

१०/ “शिल्प प्रतीकात्मक असते, त्यात सगळा गाव कसा मावणार?” हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. पण प्रतीकात कोण राहतो आणि कोण गळतो, हा योगायोग नसतो. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवरायांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. कुळवाडी म्हणजे शेतकरी. राजाची थोरवी त्यांनी शेतकऱ्याच्या नात्याने मोजली. आपण भूषण तेवढे उचलले आणि कुळवाड्याला चौथऱ्याखालीच ठेवले. गंमत अशी की, ज्यांच्या तोंडी उठता-बसता फुल्यांचे नाव असते, त्यांनाही ही उणीव खटकली नाही.

११/ कोणता पुतळा बसवा वा काढा, हे माझे मागणे नाही. रात्रीच्या अंधारात तो निर्णय अमलात येणे मला लाजिरवाणे वाटते, इतकेच सांगतो. माझे मागणे स्वस्त आहे. त्या नांगराशेजारी एक साधी शिळा उभारावी. तिच्यावर १६७६ चे ते पत्र मूळ मोडीत आणि खाली देवनागरीत कोरावे, शाळेच्या सहलीतल्या मुलाला उभ्या उभ्या वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.