सायकलवाले शोधतायत तो रस्ता गावनकाशातच आहे!

इंदापूर : जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धा जिल्ह्यातून गेली. १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर. त्यातला एक टप्पा पुरंदरमधून निघून बारामतीत संपला. स्पर्धेसाठी रस्ते गुळगुळीत झाले, खड्डे बुजले, शाळेची पोरं झेंडे घेऊन रस्त्याकडेला उभी राहिली. स्पर्धा गेली आणि त्या डांबरावरून पुन्हा ट्रक, डंपर आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. सायकल पुन्हा साइडपट्टीवर आली.

शहरातल्या हौशी सायकलवाल्यांना आता असलं डांबर नकोच झालंय. त्यांना हवी आहे गाडी-घोड्यांची वर्दळ नसलेली, मुरमाची, खडीची वाट. त्यासाठी ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची सायकल निघाली आहे. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर रुंद आणि खाचांचे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या शेतीवाडीच्या गावाभोवती २००६ पासून कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची अशी शर्यत होते. २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली, पहिली इटलीत भरली. म्हणजे आपल्याकडे ज्या रस्त्याला ‘अजून डांबर नाही’ म्हणून नावं ठेवली जातात, त्याच रस्त्यासाठी लोक विमानाने जातात.

असे रस्ते इंदापूर-बारामतीत किती आहेत? भरपूर. पण त्यातले चालू किती, हा खरा प्रश्न आहे.

सगळ्यात आधी नजरेत भरतो तो नीरा डावा कालवा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी काढलेला हा कालवा आज वीर धरणापासून निघतो, बारामती शहरातून जातो आणि पुढे सणसर, अंथुर्णे करत इंदापूर तालुक्यात शिरतो. लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्याच्या भरावावरून सेवा रस्ता आहे. चढ-उतार जवळपास नाही, कारण पाणी वाहायचं तर उतार अगदी मंदच ठेवावा लागतो. कडेला झाडं, खाली ऊस. कालव्याला आणि त्याच्या वितरिकांना नंबर आहेत. कित्येक जण पत्ता सांगतानाही अमुक नंबरचा फाटा असंच सांगतात.

हे नंबर बारीकसारीक वाटतात, पण बेल्जियममधल्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ साली नेमकं एवढंच केलं गेलं. तिथल्या खाणीत पूर्वी इंजिनिअर असलेल्या एका माणसाने सुचवलं, की प्रत्येक तिठ्या-चौकाला नंबर द्या आणि पुढच्या नंबराकडे बाण दाखवा. नवीन रस्ता फारसा बांधला नाही, फक्त पाट्या लावल्या. सायकलवाला कागदावर चार-पाच नंबर लिहून घेतो आणि निघतो. ही पद्धत पुढे अख्ख्या बेल्जियममध्ये आणि नेदरलँड्समध्ये पसरली. आपल्याकडे नंबर शंभर-सव्वाशे वर्षांच्या पाटबंधारे व्यवस्थेने आयतेच दिलेत.

मात्र कालव्याचा रस्ता हा कागदोपत्री सार्वजनिक रस्ता नाही. तो जलसंपदा विभागाचा, देखभालीसाठी ठेवलेला. भरावावरून जड वाहनं गेली की भराव खचतो, अस्तरीकरणाला तडे जातात आणि आवर्तन सुरू असताना तडा गेला तर खालच्या शेतकऱ्याचं उभं पीक जातं. म्हणून विभागाने वाहतुकीला हरकत घेतली तर त्यात चूक काही नाही. प्रत्यक्षात मात्र हंगामात याच भरावावरून जड ट्रॅक्टरही धावताना दिसतात. सायकलच्या वजनाने भराव खचत नाही. जड वाहनांना अडसर आणि सायकलला, चालणाऱ्याला मोकळीक, असा साधा लेखी निर्णय झाला तर कालवाही वाचेल. कठडा नाही, पाणी खोल आहे, रात्री दिवे नाहीत. त्यामुळे दिवसाउजेडीच, हेही त्या निर्णयात लिहावं लागेल.

दुसरा, आणि जास्त महत्त्वाचा, प्रकार म्हणजे पाणंद आणि शिवरस्ते. गावाचा नकाशा तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर तुटक दुबार रेषा दिसली तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. आता तोच नकाशा घेऊन शिवारात गेलं तर काय दिसतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. एकवीस फुटांच्या जागी बैलगाडी जेमतेम जाईल एवढी फट, कुठे आडवा बांध, कुठे वेडी बाभूळ, कुठे थेट ऊस. दरवर्षी नांगर वीतभर पुढे सरकतो. एका वर्षात कुणाला कळत नाही, तीस वर्षांत रस्ता गायब होतो.

कायदा यावर गप्प नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ आहे, बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी. मे २०२५ मध्ये शासनाने आणखी पुढचं पाऊल टाकलं : शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी. हा निर्णय मोठा आहे. तोंडी रस्ता बापाच्या शब्दावर चालतो, जमीन विकली गेली की शब्द संपतो. सातबाऱ्यावरची नोंद नव्या मालकालाही लागू राहते.

पैशाचीही सोय आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीशी जोडलेली. मजुरी आणि साहित्याचं प्रमाण जुळवता जुळवता बऱ्याच गावांचे प्रस्ताव रखडले. त्यानंतर यंत्राने कामाला मोकळीक देणारी मुख्यमंत्री बळीराजा योजना आली.

आता यात सायकलचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध सरळ आहे. उसाची ट्रॉली जाईल एवढा रस्ता मोकळा झाला, की त्यावरून सायकल आपोआप जाते. आणि ही सायकल पहिल्यांदा पुण्याच्या पाहुण्याची नाही, वस्तीवरच्या पोरीची आहे.

इंदापूर तालुक्यात आज दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग आहेत. एक पुणे-सोलापूर. दुसरा पाटस-बारामती-इंदापूर-अकलूज असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. त्याचं भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं तेव्हा दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ सांगितला होता. रस्ते रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला. वाड्या-वस्त्यांवरून हायस्कूलला जाणाऱ्या मुलांना मात्र याच वेगाच्या कडेने सायकल हाणावी लागते. कित्येक घरांत आठवीनंतर मुलीला सायकलवर पाठवायचं की नाही, याचा निर्णय मधल्या त्या दोन-तीन किलोमीटरवर होतो. तेवढ्या अंतराला समांतर जुनी पाणंद नकाशावर असेल आणि ती उकरून काढता आली, तर बापाला मोटारसायकल काढून सकाळ-संध्याकाळ खेपा घालाव्या लागणार नाहीत.

‘ट्रॅफिक नाही’ हा शब्द मात्र जपून वापरावा. दिवाळीच्या सुमारास भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी इथले कारखाने पेटले की मार्चपर्यंत पाणंदीला उसंत नसते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून आला तर सायकलने बांधावर चढायचं, दुसरा इलाज नाही. रस्ता मुळात त्या ट्रॅक्टरचा आहे. पावसाळ्यात काळ्या रानातली पाणंद म्हणजे निव्वळ चिखल, चाक आणि मडगार्ड यांत गच्च बसणारा. आणि बारा महिने सराटे. पातळ ट्यूबवाली सायकल घेऊन येणाऱ्याने पंक्चरचं सामान आणलंच पाहिजे.

म्हणूनच पाणंद मोकळी झाली की लगेच काँक्रीटची मागणी करण्याआधी थोडा विचार हवा. चांगला मुरूम, त्यावर रोलर, दोन्ही बाजूंना चर आणि ओढ्याच्या जागी पाइप, एवढं नीट झालं तर पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात रस्ता टिकतो. खचला तर ग्रामपंचायत दोन ट्रॉल्या मुरूम टाकून दुरुस्त करू शकते. फुटलेलं काँक्रीट कोण दुरुस्त करतं? शिवाय गुळगुळीत रस्त्यावर भरधाव गाड्या येतात आणि पाणंदीचा बायपास होतो. चर नसलेला मुरूम मात्र पहिल्याच पावसात शेतात वाहून जातो. ठेकेदार नेमका तोच खर्च वाचवतो, हे मोजमाप घेणाऱ्यांनी बघावं.

एका भागात तर सायकलींना थांबवावंच लागेल. कडबनवाडी आणि शिर्सुफळचा माळ चिंकारा आणि लांडग्यांचा आहे. वनविभागाने तिथे ठरलेल्या वाटांवर गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. सायकलला आवाज नाही म्हणून ती कुठेही चालते, हा गैरसमज. थंडीत, म्हणजे सायकलवाल्यांच्या ऐन हंगामात, लांडग्यांची पिल्लं बिळात असतात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यालाही हेच लागू. माळाच्या कडेने जा, माळात नको.

पाहुण्यांमुळे गावात पैसा येईल का? थोडा येईल. उजनीच्या पाण्यात शेती गेलेल्या कुंभारगाव परिसरात रोहित पक्षी बघायला लोक येऊ लागले आणि मच्छीमारांच्या होड्यांना चार महिने वेगळं काम मिळालं. जेवणाच्या पंगती घरात उठू लागल्या. ते कुठल्या मोठ्या प्रकल्पामुळे झालं नाही. भिगवणची मासळी खाऊन सायकलवाला पळसदेवच्या जुन्या देवळाकडे आतल्या रस्त्याने गेला तर वाटेत चहा घेईलच. पण चहाच्या आशेने कुणी आपला बांध मागे घेणार नाही. बांध मागे जातो तो सातबाऱ्यावर नोंद होणार म्हटल्यावर.

ऊस तुटून रान मोकळं होतं तेव्हा, एप्रिल-मे मध्ये, मोजणीला अडचण नसते आणि मुरूमही पावसाआधी दबतो. त्याआधी ग्रामसभेत गावनकाशा भिंतीवर लावून तुटक रेषांची यादी करायला एक दुपार पुरते. यादी तहसीलदारांकडे द्यावी, पोच घ्यावी, आणि ज्या रेषेवरून सध्या शाळेची मुलं जाऊ शकत नाहीत ती यादीत पहिल्या नंबरावर लिहावी.