सहाव्या वर्षीची दाढ



गेल्या महिन्यात एक आजी आपल्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन वैशाखऱ्याच्या दवाखान्यात आल्या. मुलाचा उजवा गाल सुजलेला होता. "दुधाचाच दात आहे, पडेल आपोआप. तेवढी सूज उतरायची गोळी द्या," असे त्यांचे म्हणणे. तोंडात बॅटरीचा उजेड टाकून पाहिले तर किडलेली दाढ दुधाची नव्हती. ती कायमची होती.

ही चूक घरोघरी होते, आणि तिला कारणही आहे. दुधाचा दात पडल्यावर त्याच जागी नवा येतो, हे आपण सारे जाणतो. परंतु वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे जी दाढ उगवते, तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. ती केव्हा आली हेच कुणाच्या लक्षात येत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा दाढेला दुधाची समजून वेदनाशामक गोळीवर मुलांना परत पाठवले आहे. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासात दातांच्या वाट्याला फार थोडी पाने येतात.

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला मात्र हीच दाढ प्रथम ओळखावी लागते. आपण ज्याला 'तार लावणे' म्हणतो, त्या ऑर्थोडॉन्टिक्स शास्त्रात अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचे वर्गीकरण मांडले, ते याच दाढेच्या आधारे. वरची आणि खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशी बसते, हे पाहायचे. दाढा जागच्या जागी असून पुढच्या दातांची गर्दी झाली असेल तर पहिला वर्ग, खालची दाढ मागे राहिली असेल तर दुसरा आणि पुढे गेली असेल तर तिसरा. आजही विद्यार्थी येथूनच आरंभ करतात. ही दाढ लहानपणीच काढून टाकली, तर मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरच्या जबड्यातली दाढ लांबून खाली किंवा वर उतरते आणि साऱ्या चावण्याची घडी बिघडते.

दात मुळात सरकतो कसा? आमच्या गावावरून नाणेघाटाची वाट जाते. तिथला कातळ दोन हजार वर्षे होता तसा उभा आहे, आणि हाडही तसेच अचल असते अशी आपली कल्पना असते. वास्तविक जबड्याचे हाड सजीव असून अखंड झिजते व भरते. दाताचे मूळ त्या हाडाला चिकटलेले नसते. मध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. तारेने दातावर हलका, सततचा दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि ताणाच्या बाजूला नवे तयार होते. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढीच ही गती. म्हणूनच या उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात, आणि तार काढल्यावर दात पुन्हा मागे फिरू नयेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो.

हे हाड साठीनंतरही हलतेच. आपले पुढचे दात अलीकडे फाकू लागले असतील, त्यांच्यात फटी पडल्या असतील, तर ते केवळ वयाने होते असे मानू नये. बहुधा हिरड्यांच्या आजाराने आतले हाड खचलेले असते. मधुमेह आणि मिश्री या दोन्ही गोष्टी त्याला हातभार लावतात. काढलेल्या दाताच्या जागी करून घेतलेली कवळी महिनोन्महिने डब्यात ठेवली तर ती पुढे बसत नाही, यात कवळी करणाऱ्याचा दोष नसतो. तोवर शेजारचे दात हललेले असतात. हिरड्या निरोगी असतील तर ज्येष्ठांनाही तार लावता येते. मात्र हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आपण आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अॅसिडचे इंजेक्शन घेत असाल, तर दंतवैद्यांना ते आधी सांगावे. ही औषधे हाडाची झीज रोखतात, त्यामुळे दात मंद सरकतात आणि दात काढल्यावर क्वचित जबड्याची जखम भरत नाही. परंतु ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

नातवंडांविषयी एक दिलासा. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पटाशीच्या दातांत फट दिसली की घरचे घाबरतात. सुळे आल्यावर ती बहुधा आपोआप मिटते. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर मात्र ती जागा राखून ठेवण्याची सोय दंतवैद्य करतात, ती जरूर विचारावी. खाजगी उपचाराचा खर्च परवडत नसेल, तर मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. मुरबाडहून कल्याण आणि तेथून गाडीने, असा तो दिवसभराचा फेरा होतो. तार लावल्यास असे फेरे दरमहा करावे लागतील, हे घरात आधी बोलून घ्यावे.

त्या मुलाची दाढ मुरबाडच्या दंतवैद्यांनी रूट कॅनाल करून वाचवली. आजींचे स्वतःचे पुढचे दात फाकलेले होते, ते मी त्याच वेळी पाहिले. त्यांची मिश्री अजून सुटलेली नाही. पुढच्या सोमवारी उपाशीपोटी साखर तपासायला त्या येणार आहेत.