सामायिक वारा, विभक्त मालक

पवनचक्कीची कार्यक्षमता वाढवावयाची म्हणजे मनोरा उंच करावयाचा आणि पाती लांब, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. वाऱ्यातील ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा चक्कीला काढून घेता येत नाही, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे गणित अबाधित आहे. त्या मर्यादेत जे मिळवावयाचे ते बव्हंशी नियंत्रणाने : पात्यांचा कोन बदलून, फिरण्याची गती वाऱ्याशी जुळती राखून, तोंड वाऱ्याकडे वळवून. एकट्या चक्कीपुरते हे तंत्र आता पुष्कळच परिपक्व झाले आहे.

खरा प्रश्न शेजाऱ्याचा आहे. पुढच्या चक्कीने ऊर्जा काढून घेतलेला मंद, विस्कळीत वारा मागच्या चक्कीच्या वाट्यास येतो. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने वेग १० टक्के घटला तर शक्ती २७ टक्के घटते. यावर उपाय असा की, पुढच्या चक्कीने तोंड काही अंश मुद्दाम तिरके करावे. तिच्यामागचा मंद झोत मग बाजूस सरतो. तिची थोडी हानी, मागच्या चक्कीचा अधिक लाभ. वायव्य भारतातील अशा प्रयोगाचे निष्कर्ष मायकेल हौलंड व सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केले. सेकंदास ६ ते ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात गटाचे उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी वाढले, तेही एकही नवी चक्की न उभारता.

पण ही हानी सोसावयाची कोणी? १९९० नंतरच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळे. विजेशी सुतराम संबंध नसलेल्यांनीही मग करबचतीसाठी चक्क्या घेतल्या. सवलत उभारणीला होती, फिरण्याला नव्हे! २०१७ पासून घसारा ४० टक्क्यांवर आला. मालकीची शकले मात्र उरली. एकाच माळावर मालक निराळे, मीटर निराळे. अशा स्थितीत शेजाऱ्यासाठी तोंड फिरविणारा मालक अर्थशास्त्रालाही ठाऊक नाही.

ब्राह्मणवेलच्या चक्क्या ज्या धुळे जिल्ह्यात उभ्या आहेत, तेथेच पांझरेकाठी शेतकऱ्यांनी फड पद्धतीने शतकानुशतके पाणी वाटून घेतले. पाणी देणारा पाटकरी साऱ्यांचा मिळून एक असे. जुन्या चक्क्या बदलण्याचे सुधारित धोरण केंद्राने २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केले आहे. नव्या चक्क्या उभारतानाच एका माळाचे उत्पन्न एकत्र मोजून ठरलेल्या हिश्श्याने वाटण्याचा करार सक्तीचा करता येईल. चक्क्या उभ्या राहिल्यावर मालकांना एकत्र बसविणे फार अवघड जाईल.