मीटर डाऊन!

ठाण्याला माझ्या मामीच्या किचनमधलं घड्याळ कायम ७ मिनिटं पुढे असतं. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. तरीही त्याच ७ मिनिटांच्या जोरावर माझ्या मामेभावाने कॉलेजची सगळी वर्षं सकाळची लोकल पकडली. आता हा दादा इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि मध्यंतरी त्याने आपलं जुनं स्वप्न पूर्ण केलं. सेकंडहँड कॅटरहॅम सेव्हन घेतली!

कार म्हणजे काय, चार चाकांवरची बाईकच. लोटस कंपनीने १९५७ साली आणलेली ही सेव्हन १९७३ पासून कॅटरहॅम बनवतं. वजन जेमतेम अर्धा टन, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही कमी. बसायचं इतकं खाली की हात बाहेर काढला तर रस्त्याला लागेल. ४० च्या स्पीडला ८० वाटतात. त्यामुळे अंदाज वगैरे विसरा, भरवसा फक्त समोरच्या काट्यावर.

आणि नेमका तोच काटा गंडला होता.

त्याचं असं झालं. मी तिकडे गेले होते तेव्हा दादाने आम्हाला चक्कर मारायला काढलं. दोनच सीट्स, त्यामुळे वहिनी घरी आणि मी शेजारी. रस्ता ए ११, काटा ६० मैलांवर स्थिर. मी सहज मोबाईलवर जीपीएस लावलं.

‘‘दादा, मोबाईल ६३ म्हणतोय.’’

‘‘मोबाईलला काय कळतं?’’

दादा हसला, पण घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. कारण तसंच होतं. इंग्लंडमध्ये आपलं लायसन्स वर्षभरच चालतं, मग तिथली टेस्ट द्यावी लागते. आणि पहिलं लायसन्स मिळाल्यापासून २ वर्षांत ६ पेनल्टी पॉइंट्स झाले की लायसन्स रद्द. पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल, सगळं पहिल्यापासून! दादाचे ३ पॉइंट्स आधीच झाले होते (चूक त्याचीच, १०० पौंड गेले ते वेगळेच). २ वर्षं पूर्ण व्हायला अजून ४ महिने बाकी. ऑफिस घरापासून तीस मैल. आणि ‘साहेब, माझा काटा कमी दाखवत होता’ हे कारण तिथे चालत नाही. लिमिट ओलांडलं की ओलांडलं.

‘‘तू चाकं बदललीस ना?’’ वहिनीने चहा गाळता गाळता विचारलं.

बिंगो! गाडी आली तेव्हा मागे १८५/६० आर १३ टायर होते. दादाने हौसेने १५ इंची अलॉय घातले, त्यावर १९५/५० चे टायर. दिसायला एकदम झकास. पण इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर स्पीड मोजतच नाही. तो फेरे मोजतो. चाक फिरतं तसा सेन्सर पल्स पाठवतो, आणि एका अंतराला किती पल्स हा आकडा मीटरमध्ये भरून ठेवलेला असतो. भागाकार केला की स्पीड. जुनं चाक १ किलोमीटरला साधारण ५७६ फेरे घ्यायचं, नवं मोठं चाक ५५३ घेतं. मीटरला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारा कमी फेरे बघून कमी स्पीड दाखवत होता.

तुम्ही म्हणाल, सगळे स्पीडोमीटर थोडे जास्तच दाखवतात की! बरोबर. युरोपात वापरला जाणारा युनोचा नियमच आहे, की काटा खऱ्या स्पीडपेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालेल, पण खऱ्या स्पीडच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंतच. म्हणजे खरे १०० असतील तर काटा ११४ पर्यंत जाऊ शकतो. पण दादाच्या गाडीच्या आधीच्या मालकाने काटा अगदी तंतोतंत लावून घेतला होता. मार्जिन शून्य! चाकं बदलल्यावर तो थेट मायनसमध्ये गेला.

दुरुस्तीला पैसा लागला नाही. बटण दाबून धरलं की त्याच्या मीटरमध्ये तो आकडा बदलता येतो. ४ टक्के कमी केला असता तर काटा पुन्हा तंतोतंत आला असता, आणि इंजिनिअर दादाला तेच हवं होतं. वहिनीने ७ टक्के कमी करायला लावला.

‘‘अगं, पण मग तो खोटं दाखवणार!’’

‘‘तुझ्या आईचं घड्याळ काय करतं?’’

विषय संपला. संध्याकाळी पुन्हा ए ११. काटा ६०, मोबाईल ५८. दादाने इतका लांब श्वास सोडला की वाऱ्यातही मला ऐकू आला.

आपल्याकडेही नव्या गाडीला आधी मोठे अलॉय बसवायचे आणि मग एक्सप्रेस-वेच्या कॅमेऱ्यांना शिव्या घालायच्या, असे महाभाग कमी नाहीत. तुमचंही असंच असेल तर या वीकेंडला एक काम करा. सरळ, मोकळा रस्ता, स्पीड स्थिर आणि मोबाईल शेजारच्याच्या हातात (तुमच्या नाही!). टायर नवे असतानाच हे बघा. आठ मिलिमीटरची नक्षी झिजून संपत आली की चाकाचा व्यास साधारण २ टक्क्यांनी घटतो, आणि तोच काटा जास्त दाखवायला लागतो. म्हणजे झिजलेल्या टायरवर ‘ओके’ वाटलेला काटा नव्या टायरवर तुम्हाला गंडवू शकतो.

परवा दादाचा मेसेज आला. २ वर्षं पूर्ण, पॉइंट्स तेवढेच. सोबत मामीसाठी निरोप होता : घड्याळाला हात लावू नकोस.